कार्यविभागणी आणि अधिकारप्रदान : बदनापूर येथील एका निर्णयाचा अभ्यास

प्रशासनशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘अधिकारप्रदान’ हा विषय बहुधा एका व्याख्येत आणि पाचसहा नियमांत आटोपला जातो. वरिष्ठाने आपल्या कामाचा काही भाग कनिष्ठाकडे सोपवावा, त्यासाठी अवश्य तो अधिकार त्यास द्यावा आणि परिणामाची अंतिम जबाबदारी आपल्याकडे ठेवावी, एवढे सांगितले की विद्यार्थ्याचे समाधान होते. परंतु हाच विद्यार्थी पुढे एखाद्या कचेरीचा, कारखान्याचा किंवा विद्यापीठीय विभागाचा प्रमुख झाला म्हणजे त्याच्या ध्यानात येते की, काम सोपविणे सोपे आहे. अवघड आहे ते निर्णय सोपविणे. काम दुसऱ्याच्या टेबलावर जाते, पण निर्णयासाठी कागद पुनःपुन्हा आपल्याच टेबलावर परततो. असे का व्हावे, याचा उलगडा व्याख्येतून होत नाही. त्यासाठी प्रत्यक्ष घडलेले एखादे उदाहरण बारकाईने तपासावे लागते.

असे एक उदाहरण जालना जिल्ह्यातील बदनापूर या गावी घडले. २१ सप्टेंबर १८०३ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांचे दोन अधिकारी, मेजर-जनरल आर्थर वेलस्ली आणि कर्नल जेम्स स्टीव्हन्सन, येथे भेटले व त्यांनी एक काम आपसांत वाटून घेतले. दोनच दिवसांनी असईची लढाई झाली. या लढाईचा इतिहास अनेकांनी लिहिला आहे. तो पुन्हा सांगणे हा येथे हेतू नाही. कंपनीच्या सेनापतीचा गौरव करणे हा तर नाहीच नाही. बदनापूरच्या बैठकीत काय सोपविले गेले, काय सोपवावयाचे राहून गेले, आणि समोरच्या मराठी फौजेत हाच प्रश्न कसा हाताळला गेला, एवढेच आपणांस पाहावयाचे आहे.

१. अधिकार आला कोठून?

बदनापूरची विभागणी समजण्यापूर्वी तिच्या मागचा एक दुवा पाहिला पाहिजे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि मे १८०३ मध्ये कंपनीच्या फौजेने त्यास पुण्याच्या गादीवर पुन्हा बसविले. दौलतराव शिंदे व नागपूरकर रघुजी भोसले यांना हा तह मान्य नव्हता. दोघांच्या फौजा एकत्र येत होत्या आणि बोलणी लांबत होती. या वेळी गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्ली, म्हणजे आर्थरचे थोरले बंधू, कलकत्त्यास होते. दख्खनमधून पाठविलेल्या पत्राचे उत्तर परत येण्यास कित्येक आठवडे लागत. अशा स्थितीत प्रत्येक प्रश्न वर पाठविणे म्हणजे निर्णय न घेण्यासारखेच होते.

यास्तव २६ जून १८०३ च्या पत्राने गव्हर्नर-जनरलांनी दख्खनमधील लष्करी व राजकीय असे दोन्ही प्रकारचे व्यापक अधिकार आर्थर वेलस्लीच्या हाती दिले. युद्ध करावे की न करावे आणि तह कोणत्या अटींवर करावा, हे ठरविण्याची मुभा त्यात होती. ऑगस्टच्या आरंभी युद्ध जाहीर झाले. १२ ऑगस्ट रोजी अहमदनगरचा किल्ला पडला. २ सप्टेंबरला स्टीव्हन्सनने जालना घेतले. वर्षाअखेरीस देवगावचा व सुर्जी-अंजनगावचा असे दोन तह झाले, तेही याच अधिकाराखाली. म्हणजे येथे काम व निर्णयाधिकार हे दोन्ही बरोबरीने खाली आले होते. अधिकार व जबाबदारी यांचे प्रमाण समान असावे, हे तत्त्व हेन्री फेयोल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १९१६ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. पण व्यवहारात त्याची गरज तत्पूर्वीच अनेकांना भासली होती.

ती गरज आपल्याकडेही अपरिचित नव्हती. १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराज जिंजीकडे गेले, तेव्हा महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवून त्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब दिला गेला. जिंजी आणि पन्हाळा-विशाळगडचा मुलूख यांच्यामध्ये शत्रूचा वेढा होता. पदोपदी आज्ञा मागविणे शक्य नव्हते. अंतर आणि संकट यांनी राजसत्तेला जे करावयास लावले, ते शहाणपणाचे होते हे पुढील दशकाने दाखविले. अधिकारप्रदानाची कल्पना परकीय नव्हे, हे येथे नमूद करून ठेवणे इष्ट आहे. कारण पुढे ज्या उणिवेचा विचार करावयाचा आहे ती बुद्धीची नसून व्यवस्थेची होती.

२. बदनापुरात काय ठरले?

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बातमी आली की, शिंदे-भोसल्यांची फौज भोकरदन येथे आहे. बदनापूरहून भोकरदनकडे जाताना मध्ये डोंगरांची ओळ लागते व तिच्या दोन बाजूंनी दोन वाटा जातात. दोन्ही फौजा एकाच वाटेने न्याव्यात की वेगवेगळ्या, हा प्रश्न होता. निर्णय असा झाला की, २२ तारखेस दोघांनी निघावे. स्टीव्हन्सनने पश्चिमेची वाट धरावी, वेलस्लीने पूर्वेची. आणि २४ तारखेच्या सकाळी दोघांनी मिळून हल्ला करावा.

या विभागणीवर पुढे टीका झाली. कंपनीचाच एक विचारी अधिकारी टॉमस मन्रो, जो नंतर मद्रासचा गव्हर्नर झाला, याने शत्रू जवळ असताना फौज दुभंगण्याच्या शहाणपणाविषयी शंका उपस्थित केली. त्यास वेलस्लीने नोव्हेंबरच्या आरंभी सविस्तर उत्तर पाठविले. त्याची कारणे मुख्यतः दोन होती. दोन्ही फौजा एकाच अरुंद खिंडीतून एका दिवसात पार होणे शक्य नव्हते, हे पहिले. एक वाट मोकळी सोडली असती तर शत्रू तीच वाट धरून दक्षिणेकडे निसटला असता, हे दुसरे.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने ही कारणे लक्षात ठेवण्याजोगी आहेत. वरिष्ठाला कामाचा कंटाळा आला, किंवा कनिष्ठाला ‘तयार’ करावयाचे आहे, म्हणून ही वाटणी झालेली नव्हती. एका माणसाने, एका वाटेने, त्या मुदतीत ते काम होणेच शक्य नव्हते, म्हणून झाली. कामाचे स्वरूपच जेव्हा विभागणी मागते तेव्हा केलेले अधिकारप्रदान टिकते. वरिष्ठाच्या सोयीखातर केलेले पहिल्या अडचणीतच मागे घेतले जाते. शिवाय ज्याच्यावर काम सोपविले तो नवखा नव्हता. १८०० मध्ये धोंडजी वाघाविरुद्धच्या मोहिमेत स्टीव्हन्सनने वेलस्लीच्या हाताखाली स्वतंत्र फौज चालविली होती. विश्वास हा येथे भावनेचा प्रश्न नव्हता. तो अनुभवाने सिद्ध झालेला होता.

३. योजना कोठे फसली?

एवढी सकारण विभागणी असूनही ठरल्याप्रमाणे काही घडले नाही. २३ तारखेस वेलस्ली भोकरदनच्या दक्षिणेस सुमारे बारा मैलांवरील आपल्या मुक्कामी पोहोचला. तेथे त्यास कळले की, शत्रू बारा मैलांवर नसून पाचसहा मैलांवरच आहे आणि त्याचे घोडदळ हलू लागले आहे. स्टीव्हन्सन त्या दिवशी पोहोचू शकला नाही. वाटाड्यामुळे तो भलत्या वाटेने गेला, प्रथम भोकरदनला पोहोचला आणि रणभूमीवर आला तो २४ तारखेच्या संध्याकाळी. तोवर लढाई होऊन एक दिवस लोटला होता.

या फसगतीची दोन कारणे बदनापूरच्या बैठकीपर्यंत मागे नेता येतात.

पहिले कारण एका शब्दाचे. हरकाऱ्यांनी ‘भोकरदन’ असे सांगितले. वेलस्लीच्याच खुलाशाप्रमाणे भोकरदन हे गावाचेही नाव होते व सभोवतीच्या प्रदेशाचेही. मराठी फौजेची उजवी बाजू भोकरदन गावाशी होती. पण ज्यावर हल्ला करावयाचा ते कवायती पायदळ सहा ते आठ मैल दूर, असईजवळ होते. हरकाऱ्यांची बातमी खोटी नव्हती. ती ऐकणाऱ्यांनी तिचा अर्थ एकाच रीतीने घेतला आणि तो पडताळून पाहिला नाही. काम सोपविताना वापरलेल्या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंस एकच लागतो आहे काय, हा प्रश्न फार क्षुल्लक वाटतो. पण कचेऱ्यांतील निम्मे गैरसमज येथेच जन्मतात असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. ‘अहवाल पूर्ण करा’ या वाक्यातील ‘पूर्ण’ या शब्दाचा अर्थ सांगणाऱ्याच्या मनात एक असतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा.

दुसरे कारण दुव्याचे. वाट, दिवस आणि उद्दिष्ट ठरले होते. परंतु डोंगराच्या दोन बाजूंनी जाणाऱ्या फौजांना एकमेकींची खबर वेळेवर मिळण्याचा मार्ग डोंगरामुळेच बंद झाला होता. परिस्थिती बदलली तर एकाने दुसऱ्यास कळवावयाचे आणि त्याच दिवशी उत्तर मिळवावयाचे, अशी सोय त्या भूमीवर नव्हती. अधिकारप्रदानात पुढील कार्यक्रम ठरविला जातो. तो कार्यक्रम बिघडल्याची बातमी परत कशी येणार, हे ठरविणे बहुधा राहून जाते.

या स्थितीत वेलस्लीने वाट न पाहता त्याच दिवशी हल्ला करण्याचे ठरविले. त्याच्यापाशी सुमारे साडेचार हजार शिस्तबद्ध शिपाई आणि त्याखेरीज म्हैसूरचे व पेशव्यांचे घोडेस्वार होते; समोरच्या फौजेत कवायती पायदळच सुमारे दहा हजारांहून अधिक होते आणि तोफा शंभरावर होत्या. केळणा नदीस जवळपास उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसत होती. त्यावरून येथे लोकांची ये-जा असलीच पाहिजे, असा तर्क वेलस्लीने केला. मग माणूस पाठवून त्याची खात्री करून घेतली, आणि उतार खरोखरच सापडला. माहिती गोळा करण्याचे काम दुसऱ्यावर सोपविता येते. ती पारखण्याचे काम मात्र निर्णय घेणाऱ्यास सर्वस्वी सोडून देता येत नाही, हे यावरून दिसते.

४. हुकुमाचा हेतू कळला नाही तर

लढाईच्या आरंभीच आणखी एक प्रसंग घडला. उजवीकडील पहारा-तुकड्यांचा प्रमुख लेफ्टनंट-कर्नल ऑरॉक यास ठराविक जागी फौजेची उजवी बाजू मांडावयाची होती व असई गावच्या तोफांच्या माऱ्यापासून दूर राहावयाचे होते. तो मात्र थेट गावाकडे चालत गेला. मागून येणारी ७४ वी पलटणही त्याच्यामागे गेली आणि दोन्ही तुकड्यांचा भयंकर संहार झाला. त्या दिवशी कंपनीच्या फौजेचे १,५८४ लोक मृत, जखमी वा बेपत्ता झाले. त्यांत मृतांची संख्या ४२८ होती. या हानीचा मोठा भाग या एका चुकीने घडविला.

नंतर वेलस्लीने लिहिलेल्या पत्रात त्या अधिकाऱ्यावर ठपका ठेवलेला नाही. चुकीच्या परिणामांबद्दल त्याने दुःख व्यक्त केले आणि इतक्या तीव्र माऱ्यात तुकडी पुढे नेणे सोपे नव्हते, असेही म्हटले. हे औदार्य मानावे की तत्त्व? माझ्या मते दोन्हीही. ज्याने हुकूम दिला, त्याची जबाबदारी हुकूम दिल्याने संपत नाही. कनिष्ठाने हुकुमातील दिशा ऐकली पण हेतू त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, तर धुरात व गोंधळात तो दिशाच धरून चालतो. हेतू कळलेला माणूस दिशा चुकली तरी थांबून विचार करू शकतो.

५. समोरच्या छावणीत

आता मराठी फौजेकडे वळू. शिंद्यांच्या कवायती पायदळाची सूत्रे अँथनी पोहलमन या हॅनोव्हरच्या अधिकाऱ्याकडे होती. तो अकुशल होता असे कोणी म्हणू शकणार नाही. वेलस्ली नदी उतरून अनपेक्षितपणे पूर्वेच्या बाजूने आला, तेव्हा पोहलमनने आपली दक्षिणाभिमुख रांग काटकोनात फिरवून पूर्वेकडे वळविली. ऐन वेळी असे करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. तोफखान्याचा मारा तर इतका अचूक होता की प्रतिपक्षासही त्याची वाखाणणी करावी लागली.

मग उणीव कोठे होती? त्या तळावर एक फौज नव्हती. अनेक फौजा होत्या. पोहलमनची स्वतःची पलटणे, बेगम समरूच्या सेवेतील पलटणे आणि तिसऱ्या एका युरोपीय अधिकाऱ्याची पलटणे मिळून कवायती पायदळ झाले होते. असई गावात भोसल्यांचे बिनकवायती पायदळ होते. हजारो घोडेस्वार होते, ते आपापल्या सरदारांचे. लढाईच्या निर्णायक घटकेस शिंदे व भोसले हे दोघेही धनी रणभूमीवर नव्हते. घोडदळाच्या काही भागाने ७४ व्या पलटणीवर हल्ला केला खरा. पण त्याचा मोठा भाग लढाईत निर्णायकपणे उतरला नाही, आणि संध्याकाळी असईतील पायदळाबरोबर उत्तरेकडे निघून गेला. कवायती पायदळ पांगले व ९८ तोफा गमावल्या गेल्या.

यावरून असे अनुमान निघते की, पोहलमनकडे काम होते, पण त्या कामास लागणारा संपूर्ण अधिकार नव्हता. भोसल्यांचे पायदळ आणि सरदारांचे घोडदळ हे आपल्या धन्यास उत्तरदायी होते; पोहलमनच्या सांगण्याने त्यांनी प्राण का पणाला लावावेत, याचे उत्तर व्यवस्थेत नव्हते. धनी दूर जाताना जर ‘माझ्या गैरहजेरीत यांचा शब्द तो माझा शब्द’ अशी द्वाही सर्वांना मिळाली नसेल, तर नेमलेल्या माणसाचे कौशल्य त्याच्या स्वतःच्या तुकडीपुरतेच उरते. शौर्य, तोफा व संख्या असूनही पराभव झाला, याचे एकमेव कारण हे नव्हे. पण हे एक कारण निश्चितच आहे, आणि ते आजच्या कोणत्याही संस्थेस लागू पडते. एकशे चौदा वर्षांपूर्वी ‘हुकूमतपनाह’ नेमणाऱ्या परंपरेच्या वारसांना त्या दिवशी तसा एक माणूस नव्हता, ही गोष्ट मराठी अभ्यासकाने विचारात घेण्यासारखी आहे.

६. सिद्धान्ताच्या प्रकाशात

वरील विवेचनातून अधिकारप्रदानाची चार अंगे वेगळी काढता येतात : उद्देश, मर्यादा, निर्णयाधिकार आणि परतीची बातमी. काम कशासाठी करावयाचे हा उद्देश. काय आपण होऊन करावे व काय विचारूनच करावे ही मर्यादा. मर्यादेच्या आत कोणाचा शब्द अखेरचा आणि तो कोणाकोणास ऐकावा लागेल, हा निर्णयाधिकार. बेत बदलला तर कोणास, केव्हा व कोणत्या मार्गाने कळवावे, ही परतीची बातमी. बदनापूरच्या बैठकीत पहिली तीन अंगे पुरेशी होती, चौथे दुबळे होते. म्हणून योजना मोडली, पण काम अडले नाही. मराठी तळावर तिसरेच अंग दुबळे होते. म्हणून बाकी सामर्थ्य असूनही काम अडले.

सर्व निर्णय स्वतःकडेच ठेवणे हा यावर उपाय होऊ शकत नाही, हे एका गणिताने दाखविता येते. ग्रेकुनास या अभ्यासकाने १९३३ मध्ये असे दाखविले की, हाताखालील माणसांची संख्या एकेकाने वाढते, पण प्रमुखास सांभाळावे लागणारे संभाव्य संबंध फार वेगाने वाढतात. एकट्यादुकट्याशी, गटाशी व त्यांच्या परस्परांशी असलेले संबंध मोजले तर चार सहायकांच्या बाबतीत ते ४४ होतात, पाच असता १०० आणि सहा असता २२२. सहावा सहायक मिळाल्याने प्रमुखाचा भार हलका होईल, असे मानणाऱ्याने हे आकडे पाहावेत. प्रत्येक संबंधात निर्णय प्रमुखाचाच असेल तर माणसे वाढवून काम वाढते, उरकत नाही.

युद्धातील उदाहरण कचेरीस लावताना सावधगिरी मात्र हवी. तेथे शत्रू असतो, येथे नसतो. तेथे चुकीची किंमत प्राणांनी मोजली जाते, येथे बहुधा वेळाने व पैशाने. म्हणूनच कचेरीत चुकीला वाव देणे अधिक शक्य आहे. असे असूनही आपल्या संस्थांत चुकीचे भय रणभूमीपेक्षा अधिक आढळते, हे आश्चर्य आहे.

शांततेच्या काळातील उदाहरण हवे असल्यास बदनापूर सोडावे लागत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कडधान्यांवरील संशोधन केंद्र येथे आहे. ‘बीएसएमआर ७३६’, ‘बीडीएन ७११’ यांसारखे तुरीचे वाण मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. कोणताही वाण एका शास्त्रज्ञाच्या एका शेतात सिद्ध होत नाही. अनेक ठिकाणी, अनेक हातांनी त्याच्या चाचण्या घ्याव्या लागतात. चाचणीची मांडणी, तुलनेचा वाण, नोंदी कोणत्या व केव्हा घ्यावयाच्या, हे आधी ठरलेले असते. त्यात कोणी आपल्या मर्जीने बदल करू शकत नाही. परंतु पाऊस लांबला तर पेरणी कोणत्या दिवशी करावी, हे त्या शेतावरचा माणूसच ठरवू शकतो. काय अचल आणि काय सोडलेले, याची रेषा आधी आखली असल्यामुळेच दूरदूरच्या नोंदी एकत्र मांडता येतात. संशोधन-मार्गदर्शक व विद्यार्थी यांच्यातील संबंधासही हाच न्याय लावून पाहावा.

७. अपयशानंतर काय?

शेवटी एका प्रश्नाचा विचार अवश्य आहे. सोपविलेले काम बिघडले तर वरिष्ठाने काय करावे? सर्वसाधारण अनुभव असा की, एका चुकीनंतर सर्व सूत्रे वर ओढून घेतली जातात आणि ‘मी आधीच सांगत होतो’ असे म्हटले जाते. बदनापूरच्या योजनेत स्टीव्हन्सन वेळेवर पोहोचला नाही, तरी त्याच्याकडून स्वतंत्र काम काढून घेतले गेले नाही. ऑक्टोबरमध्ये त्याने बऱ्हाणपूर व असीरगड घेतले. २९ नोव्हेंबरला आडगावच्या लढाईत दोन्ही फौजा एकत्र लढल्या. डिसेंबरमध्ये गाविलगडास वेढा पडला, तेव्हा उत्तरेकडील मुख्य हल्ल्याची कामगिरी स्टीव्हन्सनकडेच होती, आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी किल्ला पडला. चूक माणसाची होती की दुव्याची, हे आधी तपासले गेले, असे यावरून म्हणता येते. दुवा सुधारावयाचा असतो. माणूस बदलल्याने दुवा सुधारत नाही.

ज्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना उद्या माणसांकडून कामे करवून घ्यावयाची आहेत, त्यांनी काम सोपविताना स्वतःस चार प्रश्न विचारावेत. काम घेणाऱ्यास उद्देश आपल्या शब्दांत सांगता येतो काय? त्याची मर्यादा त्यास व मलाही ठाऊक आहे काय? ज्यांच्याकडून त्याने काम करवून घ्यावयाचे, त्यांना त्याच्या अधिकाराची जाणीव मी स्वतः करून दिली आहे काय? आणि बेत बिघडल्यास ती बातमी मला केव्हा व कशी कळेल? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर आपण कामाचा बोजा तेवढा दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवला, अधिकार दिलाच नाही, असे समजावे.